तबकडीच्या पाठीवरचे मराठी नाव

मागच्या अंकातील सदरात 'जॅझ मीट्स इंडिया' या १९६७ सालच्या जर्मन तबकडीचा ओझरता उल्लेख आला होता. दोन ओळींच्या त्या उल्लेखावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतील सांगलीच्या पत्रापासून सुरुवात करतो, कारण बाकीची पत्रे या ना त्या वाटेने त्याच तबकडीकडे येतात.

प्रश्न : माझे वडील १९७० च्या सुमारास कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी दीड वर्ष पश्चिम जर्मनीत होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची ट्रंक माळ्यावर होती म्हणूनच २०१९ च्या पुरातून वाचली. ती उघडली तेव्हा नाट्यगीतांच्या आणि भीमसेनजींच्या तबकड्यांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जर्मन एलपी निघाली. आपल्या सदरात नाव वाचलेले होते म्हणून लक्ष गेले : 'जॅझ मीट्स इंडिया', लेबल 'साबा'. वादकांच्या यादीत केशव साठे, तबला, असे छापलेले आहे. वडिलांनी ती कधी लावल्याचे घरात कुणालाच आठवत नाही. हे साठे कोण? आणि ही तबकडी ठेवण्यासारखी आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ठेवाच, पण कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा दारे लावून, दोन्ही बाजू सलग ऐका. तुमच्या वडिलांनी जर्मनीहून परतताना सामानाच्या मोजक्या वजनात ही तबकडी बसवली, ती उगाच नव्हे.

हे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ मुलखातील फिलिंगेन या गावी झाले. 'साबा' हे मुळात रेडिओच्या कारखान्याचे नाव आहे. १८३५ मध्ये घड्याळांच्या कामातून सुरू झालेला हा घरचा धंदा विसाव्या शतकात रेडिओ आणि टेपरेकॉर्डरकडे वळला. त्या घराण्यातील हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर यांना संगीत टेपवर जसेच्या तसे उतरवण्याचा असा ध्यास होता, की त्यांनी राहत्या घरीच स्टुडिओ उभारला. ऑस्कर पीटरसन यांच्यासारखा पियानोवादक त्यांच्या दिवाणखान्यात मोजक्या पाहुण्यांपुढे वाजवत असे आणि ती मैफल टेपवर उतरत असे. १९६८ मध्ये कारखाना अमेरिकी कंपनीच्या हाती गेल्यावर ब्रुनर-श्वेर यांनी 'एमपीएस' नावाचे नवे लेबल काढले आणि त्या लेबलवरही ही तबकडी पुढे निघाली. तुमच्या प्रतीवर 'साबा' छापलेले आहे, म्हणजे ती पहिल्या छापाच्या काळातली आहे.

या तबकडीमागची कल्पना योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांची. ते नैर्ऋत्य जर्मनीच्या रेडिओवर जॅझचे कार्यक्रम सांभाळत. १९५३ मध्ये त्यांनी जॅझची ओळख करून देणारे पुस्तक लिहिले होते, जे पुढे अनेक भाषांत गेले, आणि १९६४ पासून सुरू झालेल्या बर्लिनच्या जॅझ महोत्सवाचेही ते संस्थापक. 'जॅझ मीट्स द वर्ल्ड' या मालिकेत त्यांनी ट्युनिशिया, इंडोनेशिया, स्पेन अशा ठिकाणच्या वादकांना जॅझ वादकांबरोबर एकाच खोलीत बसवले. भारताची तबकडी त्याच मालिकेतली.

यादी नीट पाहा, म्हणजे या खोलीत कोण कोण होते ते कळेल. पियानोवर इरेन श्वाइत्सर, स्वित्झर्लंडमधील शाफहाउझनच्या, त्या वेळी अवघ्या सव्वीस वर्षांच्या. युरोपातील मुक्त जॅझमध्ये, म्हणजे ठरलेला साचा आणि नियमित ताल सोडून वाजवल्या जाणाऱ्या जॅझमध्ये, त्या काळी पुढे बसून वाजवणाऱ्या स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच, आणि पुढची पाच दशके त्या हे काम थांबल्याशिवाय करत राहिल्या. २०२४ मध्ये त्या वारल्या. बास उली ट्रेप्टे यांचा, ड्रम्स मानी नॉयमायर यांचे. या दोघांनी पुढच्याच वर्षी 'गुरू गुरू' नावाचा जर्मन रॉकचा गट काढला. तुतारीच्या जातीचे वाद्य मानफ्रेड शोफ यांच्याकडे आणि सॅक्सोफोन फ्रान्सच्या बार्नी विलेन यांच्याकडे. हे तेच विलेन, जे १९५७ मध्ये विशीत असताना पॅरिसमध्ये माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी वाजवले होते. त्यांच्यासमोर आपल्याकडचे तिघे : सतार आणि गायन देवान मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर, आणि तबल्यावर केशव साठे.

केशव साठे मूळचे मुंबईचे. १९२८ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९५६ मध्ये ते लंडनला गेले. हे साल मी मुद्दाम सांगतो आहे. 'बीटल्स'च्या गाण्यात सतार वाजली ती १९६५ मध्ये आणि पाश्चात्त्य तरुणांत भारतीय संगीताची लाट उसळली ती त्यानंतर. साठे त्या लाटेच्या नऊ वर्षे आधी तिथे होते, त्यामुळे ती आली तेव्हा लंडनमध्ये जॅझवाल्यांना आणि लोकसंगीतवाल्यांना जो तबलजी हाताशी मिळाला तो हा. १९६६ च्या 'इंडो-जॅझ स्वीट' या तबकडीवर जमैकाहून लंडनला आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्याचे व्हायोलिनवादक व संगीतकार जॉन मेयर यांच्याबरोबर तबला साठ्यांचा आहे. १९७२ च्या 'मॅजिक कार्पेट' या लोकसंगीताकडे झुकणाऱ्या तबकडीवरही तबला त्यांचाच आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गिटारवादक जॉन रेनबोर्न यांच्या गटातही ते होते. जॅझ, रॉकच्या काठावरचे लोकसंगीत, इंग्लंडची जुनी लोकगीते, असल्या तीन वेगळ्या घरांत एक मराठी तबलजी वीस-पंचवीस वर्षे सहज वावरला. २०१२ मध्ये ते गेले. आपल्याकडे तबल्याच्या इतिहासावर बोलताना घराणी, उस्ताद आणि साथसंगत यांची चर्चा तासन्‌तास चालते. त्या चर्चेत साठ्यांचे नाव मी एकदाही ऐकलेले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

तबकडी दुर्लक्षित का राहिली, असे तुम्ही विचारलेले नाही, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या मते ती दोन घरांची पाहुणी होती आणि दोन्ही घरांनी ती दुसऱ्याची म्हणून सोडून दिली. जॅझच्या संग्राहकाला नाव वाचून वाटे, की सतारीचा मुलामा दिलेला हा आणखी एक प्रकार असणार, आणि १९६७ मध्ये तशा तबकड्यांचा सुकाळ होता. आपल्याकडच्या रसिकाला ती कधी दिसलीच नाही, आणि दिसती तरी 'फ्यूजन' म्हणून त्याने नाक मुरडले असते. शिवाय वर्षभरात लेबलचे नावच बदलले. श्वाइत्सर यांची कीर्ती वाढली ती पुढच्या, अधिक कडव्या वादनामुळे, त्यामुळे त्यांचे चाहतेही या तबकडीकडे उशिरा वळले.

प्रश्न : आजोबांचा चावीचा, भोंग्याचा ग्रामोफोन आमच्याकडे चालू स्थितीत आहे. जुन्या एलपी त्यावर वाजवल्या तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कृपा करून वाजवू नका, आणि सांगलीच्या वाचकांनीही हे वाचावे. चावीचा ग्रामोफोन मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी आहे. एलपीला ३३ १/३ फेरे लागतात, पण वेगापेक्षा धोका वजनाचा आहे. त्या ग्रामोफोनची पोलादी सुई शंभर ग्रॅमहून अधिक भाराने तबकडीवर टेकते, तर एलपीच्या चांगल्या प्लेअरवर हा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. ७८ च्या खाचेसाठी सुईचे टोक सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते आणि एलपीच्या खाचेसाठी सुमारे १८ मायक्रॉनचे. पोलादी सुई एलपीवरून एकदा फिरली, की खाचेच्या भिंती खरवडल्या जातात आणि ते नुकसान कशानेही भरून येत नाही. स्टीरिओ तबकडीत सुईला आडव्याबरोबर उभ्या दिशेनेही हलावे लागते, म्हणून पेटीसारख्या जुन्या मोनो प्लेअरपासूनही अशा तबकड्या लांब ठेवाव्यात.

स्वच्छतेविषयीही थोडे सांगतो, कारण आपल्या पावसाळ्यात कव्हरवर आणि तबकडीवर पांढरी बुरशी धरते. बुरशी आधी घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. मग ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे बॅटरीसाठी दुकानात मिळते त्या शुद्ध पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे, नुसत्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुसावे आणि मधले लेबल भिजू देऊ नये. लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या, की खालच्या वाकतात.

प्रश्न : मी आठ वर्षे तबला शिकतो आहे. मागच्या अंकातील नाव वाचून ही तबकडी इंटरनेटवर शोधून ऐकली. पहिल्या बाजूवर सुरुवात कळली, पण नंतर पियानो, ड्रम्स आणि सॅक्सोफोन एकदम असे घुसले, की साठे कुठे आहेत तेच सापडेना. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठेच येत नाही. हे संगीत म्हणून ऐकायचे तरी कसे? की ही नुसती सरमिसळ आहे?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुम्ही समेची वाट पाहत होता, आणि आठ वर्षांच्या शिक्षणानंतर ती पाहणारच. पण त्या खोलीतल्या पाच युरोपीय वादकांनी नेमका तोच बंध सोडून दिलेला होता. त्याआधीच्या जॅझमध्येही एक आवर्तन असते : बत्तीस किंवा बारा मात्रागटांचा स्वरसंगतींचा साचा पुन्हा पुन्हा येतो आणि एकल वादक त्यावर विस्तार करतो. आवर्तन, विस्तार आणि पुन्हा मुखड्यावर येणे ही मांडणी ख्यालाच्या कानाला परकी नाही. साठच्या दशकात मात्र अमेरिकेत आणि मग युरोपात मुक्त जॅझ आले, त्याने हा साचा आणि नियमित ताल दोन्ही बाजूला ठेवले. तिथे वादक एकमेकांच्या आवाजाला प्रतिसाद देतात. घनता वाढते, विरते, कुणीतरी थांबतो, त्या रिकाम्या जागेत दुसरा येतो. तिथली सम आधी ठरलेली नसते. सगळे एका क्षणी एकत्र श्वास घेतात, ती जागा कानाने शोधावी लागते.

आता या तबकडीतली खरी अडचण, आणि माझ्या मते खरी गंमतही, अशी आहे की एका बाजूला मुक्त झालेले पाच जण आहेत आणि दुसऱ्या बाजूला आवर्तन सांभाळणारा तबलजी. साठे ड्रम्सशी झुंजायला जात नाहीत. मानी नॉयमायर यांच्या झांजांचा पूर आला, की ते आवाज वाढवण्याऐवजी बोल मोकळे करतात आणि डग्ग्याला जागा देतात. तुम्ही उजव्या हाताच्या चाटेचा, म्हणजे किनारीचा, आवाज शोधत असाल, तर तो झांजांमध्ये हरवणारच, कारण दोन्हींचा नाद वरच्या पट्टीतला. डग्गा शोधा. बोटांनी खेचलेल्या बासच्या तारा आणि डग्ग्याची घसीट जवळजवळ एकाच खालच्या प्रदेशात वावरतात, आणि गर्दी थोडी विरळ झाली की ट्रेप्टे यांचा बास आणि साठ्यांचा डावा हात यांचे बोलणे ऐकू येते. मोबाईलच्या स्पीकरवर हा खालचा आवाज येतच नाही. निदान चांगले हेडफोन घ्या.

ऐकण्याचा क्रमही बदला. पहिली संपूर्ण बाजू व्यापणारी 'सन लव्ह' आधी घेऊ नका. तबकडी उलटवा आणि 'याद'पासून सुरू करा. ही रचना आटोपशीर आहे, नाव आपल्या ओळखीचे आहे, आणि दोन्ही बाजूंचे आवाज ओळखून घ्यायला तिथे उसंत मिळते. मग 'ब्रिगाख अँड गँजेस' ऐका. ब्रिगाख ही फिलिंगेन गावातून वाहणारी लहानशी नदी; ती पुढे डोनाउएशिंगेन येथे ब्रेग नदीला मिळते आणि तिथून डॅन्यूब सुरू होते. स्टुडिओच्या गावची नदी आणि गंगा यांची नावे शेजारी लिहिताना नाव देणाऱ्याच्या मनात संगमाची कल्पना असली पाहिजे, असे मला वाटते, आणि मी ती रचना त्याच अर्थाने ऐकतो : दोन पाणी एकत्र आल्यावर काही अंतर त्यांचे रंग वेगळे दिसतात, तसे. 'सन लव्ह' त्यानंतर ऐका. सुरुवातीचा सतारीचा अवकाश आणि पुढची उसळी यांत तुटलेपण वाटणार नाही.

या तबकडीत मला एक गोष्ट खटकते आणि तीही सांगायला हवी. सगळे एकदम वाजवू लागले, की तंबोरा बुडतो. कुसुम ठाकूर यांचे काम सर्वांत कठीण होते : तंबोऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारांच्या गुंजनातून, जो सूक्ष्म गांधार (ग) आपोआप उमटतो, तो पियानोच्या गांधाराशी जुळत नाही. पियानोच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे त्याचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले होते आणि आपल्याकडे त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. म्हणजे ज्या वर्षी मुंबईच्या आकाशवाणीवर पेटी वाजू शकत नव्हती, त्याच वर्षी फिलिंगेनमधल्या एका खोलीत तंबोरा आणि भला मोठा पियानो शेजारी शेजारी वाजत होते. श्वाइत्सर यांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार विचारपूर्वक वाटतो. सतार पुढे असताना त्या स्वरसंगती दाबून धरत नाहीत. तुटक, ठोक्यासारखे सूर टाकतात, जेणेकरून पियानो सुरांच्या वाद्यापेक्षा तालवाद्यासारखा वागतो आणि दोन गांधारांची टक्कर टळते. जिथे हे त्यांना साधले आहे तिथे ही तबकडी उत्तम आहे; जिथे सगळेच भरात आले आहेत तिथे ती गोंगाटाकडे झुकते. सरमिसळ म्हणाल, तर ती याच थोड्या जागी आहे.

प्रश्न : या तऱ्हेच्या युरोपीय तबकड्यांत आमच्या गोव्याचा काही धागा आहे का? माझे मामा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असत, म्हणून विचारते.
— एक वाचिका, म्हापसा

उत्तर : आहे, आणि फार सुंदर आहे. गिटारवादक आमांसिओ डिसिल्वा यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईत गोमंतकीय कुटुंबात झाला. १९६७ मध्ये ते लंडनला गेले, आणि दोनच वर्षांत तिथे त्यांच्या दोन तबकड्या झाल्या : 'इंटिग्रेशन' आणि, जो हॅरियट यांच्याबरोबर, 'हम दोनो'. 'हम दोनो'वर तिसरी रचना आहे 'बॅलड फॉर गोवा'. त्या एका रचनेसाठी ही तबकडी शोधावी, असे मी म्हणेन. डिसिल्वा यांची गिटार जॅझच्या सवयीप्रमाणे स्वरसंगतींचे झुपके मांडत बसत नाही. एकेरी तारेवर, मींडेच्या अंगाने, ती गात जाते. हॅरियट यांचा सॅक्सोफोन तिच्यामागून येतो, आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांशिवायचा आवाज दोघांच्या मध्ये एखाद्या वाद्यासारखा मिसळतो. त्यात गोव्याच्या मांडो या गीतप्रकाराची नक्कल नाही, ढोलकी नाही, नारळाच्या झाडांचे चित्र नाही. परदेशात दोन वर्षे काढलेल्या माणसाला घराची जी ओढ लागते, ती आहे. मामांची पिढी जे सूर घेऊन मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या स्टुडिओत राबली, तीच शिदोरी डिसिल्वा यांनी लंडनला नेली.

त्यांच्याच नावावर 'कोंकण डान्स' नावाची आणखी एक तबकडी आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित झालेले हे काम तीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिले आणि २००६ मध्ये प्रथमच बाहेर आले. डिसिल्वा १९९६ मध्ये वारले होते. ती प्रसिद्ध झालेली त्यांना पाहता आली नाही. आणि सांगलीच्या पत्राच्या संदर्भात एक : वर उल्लेखलेल्या 'इंडो-जॅझ स्वीट'वर तंबोऱ्यापुढे चंद्रहास पैगणकर असे नाव छापलेले आहे. तुमच्या गोव्याकडे हे आडनाव ओळखीचे असेल. त्या तबकडीच्या दोन रचनांची नावेही मेघ आणि गौड सारंग या रागांवरची आहेत.

प्रश्न : भारतीय वाद्य नसलेली, पण अशीच आपल्याकडे अपरिचित राहिलेली एखादी युरोपीय जॅझची तबकडी सुचवाल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एकच सुचवतो : पोलंडच्या क्रिश्तोफ कोमेदा यांची 'ॲस्टिग्मॅटिक'. कोमेदा पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर. जॅझ वाजवण्यासाठी त्यांनी हे टोपणनाव घेतले आणि पुढे तेच नाव राहिले. डिसेंबर १९६५ मध्ये वॉर्सात ध्वनिमुद्रण झाले, पुढच्या वर्षी सरकारी कंपनीच्या 'मुझा' लेबलवर 'पोलिश जॅझ' मालिकेतील पाचवी तबकडी म्हणून ती निघाली. फक्त तीन रचना. टोमाश स्टान्को यांची ट्रम्पेट त्यात जी उदासी आणते, तिला अमेरिकी ब्लूजचे मूळ नाही. ती त्यांच्याच मातीतली आहे. जाणकार युरोपीय संग्राहकांत ही तबकडी आता दुर्लक्षित राहिलेली नाही, पण आपल्याकडे जॅझ ऐकणाऱ्या दहांतील नऊ जणांनी तिचे नाव ऐकलेले नसते. कोमेदा १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, डोक्याला झालेल्या दुखापतीने गेले.

प्रश्न : अशा तबकड्या आपल्याकडे कुठे मिळतील, आणि विकत घेताना फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे?
— पुणे, मुंबई आणि कोल्हापूर येथील तीन वाचकांचे सारखेच प्रश्न

उत्तर : मुंबईत काळ्या घोड्याजवळचे 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ मध्ये बंद झाल्यापासून नव्या मालाचे ते हक्काचे ठिकाण गेले, पण जुन्या मालाचे रस्ते अजून उघडे आहेत. चोरबाजारातील मटण स्ट्रीट, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि जुनी घरे रिकामी करणारे रद्दीवाले. जर्मन, ब्रिटिश किंवा पोलिश तबकडी इथे येते ती बहुतेक वेळा सांगलीच्या वाचकांकडे आली तशीच : परदेशी शिकलेल्या, जहाजावर नोकरी केलेल्या, प्रशिक्षणाला गेलेल्या कुणाच्या तरी सामानातून. विकणाऱ्याला तिचे नाव माहीत नसते, म्हणून ती हिंदी चित्रपटांच्या आणि भजनांच्या गठ्ठ्यात मिसळलेली असते. गठ्ठा चाळताना पुढची चित्रे बघत जाऊ नका. प्रत्येक तबकडी उलटवून वादकांची नावे वाचा. माझ्याकडची 'जॅझ मीट्स इंडिया' मला श्टुटगार्टमधल्या एका जुन्या मालाच्या दुकानात, योगासनांच्या आणि ध्यानाच्या तबकड्यांच्या खोक्यात सापडली. जॅझच्या कप्प्यात ती नव्हतीच. कव्हरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत एका जेवणापेक्षा कमी होती. मी ती उलटवली, अंगठा यादीच्या तळाशी गेला आणि 'साठे' हे नाव वाचून त्या अनोळखी शहरात कुणी ओळखीचे भेटावे तसे झाले.

किमतीचे म्हणाल, तर 'हम दोनो'च्या मूळ ब्रिटिश प्रती आता शेकडो पौंडांत विकल्या जातात. तेवढे पैसे घालण्याची गरज नाही. जुन्या तबकड्यांच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्याही येत असतात; त्या घ्या आणि ऐका. मूळ प्रतच हवी असेल, तर लेबलवरील नाव पाहा, आणि शेवटची रचना संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर कोरलेला क्रमांक लेबलवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. कव्हर एकाचे आणि आत तबकडी दुसऱ्याचीच, असे जुन्या बाजारात सर्रास आढळते.

विकत घेण्यापूर्वी तबकडी कडेने आणि लेबलाने धरून उजेडात तिरकी करा. खाचांना बोट लावू नका. बारीक, विस्कळीत रेघा दिसल्या तर त्या बहुधा कव्हरात घासल्याच्या असतात आणि वाजवताना फारशा ऐकू येत नाहीत. नखाला जाणवेल असा आडवा ओरखडा मात्र प्रत्येक फेरीला टक् असा वाजणार. खाचा काळ्या चमकदार न दिसता करड्या, निस्तेज दिसत असतील, तर जड सुईने ती तबकडी आधीच खरवडली आहे. अशी प्रत फुकट मिळाली तरी कव्हरापुरतीच ठेवावी. शेवटी तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलेली नाही ना ते पाहा. आणि सांगलीच्या वाचकांना एक विनंती : पिशवी प्लॅस्टिकची असेल तर आजच काढून टाका, तिच्यात ओल कोंडते, साधे कागदी पाकीट चालेल.